डावा खिसा

बाई,

आज रविवार. जेवणं उरकली, घरातले दोघे आत लवंडले आहेत, आणि टेबल पुसून त्यावर मी एक कागद पसरून बसले आहे. कागदावर नववीच्या बावीस मुलांची नावं आहेत. दहा दिवसांनी ही मुलं माझ्याबरोबर उत्तराखंडात डोंगर चढायला आणि चार रात्री तंबूत राहायला येणार आहेत. एकवीस नावांपुढे बरोबरची खूण आहे. एका नावापुढे आमच्या मुख्याध्यापिकांनी लिहिलंय, ‘सोबत जाणाऱ्या शिक्षिकेच्या जबाबदारीवर’, आणि खाली सहीसाठी रेघ ओढली आहे. उद्या सकाळी मी सही करून कागद दिला तर ती मुलगी येईल. रेघ रिकामी राहिली तर ती घरी राहील. शुक्रवारपासून ही रेघ माझ्याबरोबर फिरते आहे. काल मेथी निवडताना कागद शेजारीच ठेवला होता, त्यावर एक पान पडलं, तर मला उगाच बरं वाटलं की तेवढा वेळ रेघ दिसली नाही.

सही करू की नको, हे विचारावं असं माणूस मला तुमच्याखेरीज आठवत नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, सरोजिनी नगरच्या बाजारात, सरकारी क्वार्टरांमधल्या एका जुन्या शेजारणीकडून. मी तेव्हा मुलासाठी स्वेटर बघत होते. "तुमच्या त्या बाई गेल्या गं," ती म्हणाली, आणि मी "अरेरे" म्हणून पुन्हा दुकानदाराशी स्वेटरच्या बाह्यांच्या लांबीवरून वाद घालायला लागले. घरी येऊन बघितलं तर तो स्वेटर मुलाला दोन वर्षं तरी मोठाच झाला असता.

शाळेत तुम्ही सगळ्यांच्या मॅडमजी होतात. आम्ही क्वार्टरांतल्या तीन-चार मराठी मुलीच तुम्हाला बाई म्हणायचो. तुमचे यजमान एका मंत्रालयात, माझे बाबा दुसऱ्या, आणि तुम्ही म्हणायचात की मंत्रालयांची नावं तेवढी वेगळी, फायली त्याच असतात. हिवाळ्यात क्वार्टरांमागच्या हिरवळीवर बायका वेताच्या मुढ्यांवर बसून उन्हात विणत असायच्या. बाकीच्या स्वेटर विणायच्या, तुम्ही मोजे. उरलेल्या लोकरीचे, त्यामुळे एकही जोड धड एका रंगाचा नसायचा. डोंगरावर येणाऱ्या प्रत्येक मुलीला तुमच्याकडून एक जोड. माझे टाचेला निळे आणि बोटांकडे विटकरी होते. माझं पाऊल वितीने मोजताना तुम्ही म्हणालात, "पाय तुझ्या वयाच्या पुढे चाललेत. जरा थांबव त्यांना."

थांबवायचं मला जमत नसे. रविवारी सकाळी तुम्ही आम्हाला सरावासाठी रिजच्या, दिल्लीतल्या त्या बुटक्या टेकडीच्या, जंगलात न्यायचात, कीकराच्या म्हणजे बाभळीच्या काट्यांतून, माकडांना चुकवत. एकदा मी सगळ्यांना मागे टाकून शेवटच्या दगडापाशी पोचले आणि तुम्ही येईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिले. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही आलात, घाम पुसलात आणि विचारलंत, "मग? पुढे जाऊन डोंगराला काय सांगितलंस?" मी म्हणाले, "बाई, रिज म्हणजे काही डोंगर नाही." "मग तर एवढी घाई नकोच होती." मुली हसल्या. त्या दिवसापासून मी मागे राहायला शिकले. शिकले म्हणजे मागे राहून धुसफुसायला शिकले.

तुमच्या तीन रीती मी उचलल्या आहेत. रांगेत सगळ्यांत पुढे हळू चालणारा, म्हणजे त्याच्या चालीने सगळे चालतील. निघण्याआधी चादर, म्हणजे प्रत्येकाने आपली सॅक सगळ्यांसमोर चादरीवर रिकामी करायची, आणि तुम्ही एकेक वस्तू उचलून विचारायचं, "हे तिथे कशाला?" आणि एक दिवस अदलाबदल. त्या दिवशी प्रत्येकीने दुसरीची सॅक पाठीवर घ्यायची. आपण भरलेलं ओझं दुसरीला वाहावं लागणार हे कळलं की मुली आपोआप कमी भरतात, असं तुम्ही म्हणायचात. खरं आहे ते. माझी मुलंही यंदा अदलाबदलीच्या धाकाने दोन पॉवर बँक आणि एक केसांचा ड्रायर घरी ठेवून आली.

आता सरावाला रिजवर नेता येत नाही, बाई. दिवाळीनंतर हवा अशी होते की समोरचा टॉवर दिसत नाही आणि शाळेतून निरोप येतो की बाहेरचे खेळ बंद. म्हणून मी द्वारकेतल्या आमच्या सोसायटीचा जिना वापरते. अकरा मजले वर, अकरा खाली, सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. पहिल्या दिवशी गार्ड धावत आला. "मॅडम, लिफ्ट खराब है क्या?" सांगितलं, मुलांना पहाड चढायला शिकवतेय. तो स्वतः गढवालचा. मुलांकडे बघून म्हणाला, "पहाड़ में तो ग्यारहवीं मंज़िल पर घर शुरू होता है." मुलं धापा टाकत खोकत होती. आणि इथेच माझी चूक झाली. या दिवसांत दिल्लीत सगळेच खोकतात. गार्ड खोकतो, मी खोकते, मेट्रोत डबाभर माणसं एका सुरात खोकतात. त्यात एका मुलीचा खोकला वेगळा आहे, सातव्या मजल्यावर ती बुटाची नाडी बांधायला बसते आणि बराच वेळ बांधतच राहते, हे मी बघितलं आणि मनावर घेतलं नाही.

मागच्या सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये चादर पसरली. त्या मुलीची सॅक अगदी नीट होती. तिच्या शेजारी तिची मैत्रीण, वर्गात आम्ही जिला तिची सावली म्हणतो, तिने आपली सॅक उलटी केली. कपडे, टॉर्च, ताट-वाटी, गुंडाळलेले लोकरीचे मोजे. मोजे उचलले तर आत काहीतरी टणक लागलं. उलगडले. निळा इनहेलर.

मी तो तसाच गुंडाळून परत ठेवला आणि पुढच्या सॅककडे वळले. बाकी कुणाला दिसलं नाही. तास संपल्यावर दोघींना थांबवून घेतलं.

"किसका है?"

"मेरा, मॅम," सावली म्हणाली.

"अच्छा. लेके दिखाओ."

तिने इनहेलर उलटा धरला आणि टोपण न काढताच तोंडाशी नेला. ते बघून दुसरीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. ती पुण्याकडच्या घरातली, पण जन्म इथलाच. मराठी समजतं, बोलणं हिंदीत. म्हणाली, "मॅम, फॉर्म में मम्मा ने ‘नो’ टिक किया है. ‘येस’ करते तो आप ले जातीं क्या?"

जुना आजार आहे का या प्रश्नापुढे ज्यांनी ‘हो’ लिहिलं होतं ती तीन मुलं या यादीत नाहीत. यादी मीच केली होती.

बाई, त्या मोज्यांत हात घातल्यापासून मी धड झोपलेली नाही. कारण तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. तीस वर्षांपूर्वी तुमच्या शेवटच्या कॅम्पला माझ्याही मोज्यांत काहीतरी होतं.

माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेलच, आमच्या शेजारच्या ब्लॉकमधली. तिला फिट्स यायच्या. मला हे सातवीपासून माहीत होतं, कारण एकदा क्वार्टरच्या जिन्यात मी तिच्याबरोबर होते. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, माझा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "कुणाला बोलू नकोस हं. मुलीची जात आहे." तिला रात्री एक आणि सकाळी एक अशी गोळी असायची. कॅम्पला निघायच्या दोन दिवस आधी तुमची चादर होती. तिला धास्ती होती ती त्या चादरीची. वीस मुलींसमोर तुम्ही गोळ्यांची पट्टी उचलून विचारणार, हे तिथे कशाला? मी म्हणाले, "माझ्याकडे दे. माझ्या मोज्यांत कोण बघतंय." त्या दिवशी तुम्ही माझे मोजे उचललेत, आपल्याच हातचे टाके बघून जरा हसलात, आणि न उलगडता खाली ठेवलेत. मला केवढा पराक्रम वाटला होता तो.

पहिले दोन दिवस मी तिला वेळेवर गोळी देत होते. तिसरा दिवस अदलाबदलीचा. माझी सॅक एका धट्ट्याकट्ट्या मुलीकडे गेली आणि ती पुढच्या तुकडीबरोबर वरच्या तळावर पोचली. मी मैत्रिणीसाठी तुमच्या मागच्या तुकडीत राहिले. दुपारी गारा पडायला लागल्या आणि तुम्ही आम्हाला वाटेतल्या वनखात्याच्या विश्रामगृहात थांबवलंत. मला आत्ताही ते दिसतं. व्हरांड्यात नऊ मुली एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, पत्र्यावर गारा वाजताहेत, तुम्ही कंदील पुसता आहात. अंधार पडायला अजून तासभर असेल. चौकीदाराला दाराशी उभं करून तुम्ही विचारता, "कुणाचं काही गरजेचं वर गेलंय का? हा माणूस तासाभरात जाऊन येईल. आत्ताच सांगा." मी मैत्रिणीकडे बघते. ती मान हलवते, नको. तरी मी हात वर करते. तुम्ही म्हणता, "बोल." आणि मी काहीतरी भलतंच बोलते. गोळ्यांचं बोलत नाही.

रात्रीची गोळी चुकली, सकाळचीही. दुसऱ्या दिवशी वाटेत ती पडली. दगडावर तोंड आपटलं, जबडा मोडला, पुढचे दोन दात गेले. तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, डोक्याखाली तुमचा मफलर सरकवलात, घड्याळ बघितलंत. मग तिची सॅक ओढून घेऊन डाव्या बाजूचा खिसा उघडलात. त्यातून एक कंगवा आणि रुमाल निघाला. तुम्ही खिसा उलटा केलात आणि त्या उलट्या खिशाकडे बघत राहिलात. मला वाटलं, रक्त पुसायला काहीतरी शोधताय. दोन दिवसांनी माझी सॅक मला परत मिळाली तेव्हा पट्टीत चार गोळ्या शिल्लक होत्या. परतीच्या वाटेवर बस एका पुलापाशी थांबली होती, तिथे मी ती पट्टी नदीत टाकली.

पुढे काय झालं ते तुम्हीच सोसलंत. शाळेत मोठी बैठक झाली. काकू म्हणाल्या, "मी बाईंना तोंडी सांगितलं होतं." तुम्हाला विचारलं, खरं आहे का. तुम्ही एवढंच म्हणालात, "मुली माझ्या ताब्यात होत्या. जबाबदारी माझी." ना हो म्हणालात, ना नाही. कॅम्प बंद झाले. रविवारचं रिज बंद झालं. सकाळच्या प्रार्थनेला रांगा सरळ करणं एवढंच काम तुमच्याकडे उरलं. आमच्या क्वार्टरांत सगळ्यांनी ठरवून टाकलं की काकू स्वतःला वाचवायला खोटं बोलल्या आणि तुम्ही मोठ्या मनाने गप्प राहिलात. माझ्या आईने काकूंकडे जाणं सोडलं. वर्षाच्या आत काकांनी बदली मागून घेतली. मीही तेच धरून बसले. बरं होतं ते माझ्यासाठी. एक बाई खोटं बोलली, एक गप्प बसली, दोघी मोठ्या माणसांमधली गोष्ट. त्यात माझे मोजे कुठे येतच नव्हते.

गेल्या मंगळवारी त्या मुलीची आई मला भेटायला आली. नोएडातल्या ऑफिसातून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. सोसायटीच्या बागेत बाकावर बसलो. आधी मॅम, मॅम चाललं होतं. मग तिने आवाज खाली घेतला.

"ताई, तुम्ही आपल्यातल्या आहात म्हणून सांगते. तिला दमा आहे, पण फार नाही. तिकडची हवा तर इथल्यापेक्षा चांगलीच ना? फॉर्मवर लिहिलं की ते लोक नाव काढतात. गेल्या वर्षी पोहण्याच्या टीममधून असंच काढलं. तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं. इनहेलर मी तिच्या सॅकच्या बाजूच्या खिशात ठेवीन. फक्त लिहू नका कुठे."

फॉर्म इंग्रजीत भरायचा आणि खरं ते मराठीत, हळूच, आपल्या माणसाला सांगायचं. हे मी दिल्लीत आयुष्यभर बघत आले आहे. गणपतीत, हळदीकुंकवात, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या आजाराचं. आणि तिचं ते शेवटचं, बाजूच्या खिशात ठेवीन, ऐकताना माझ्यासमोर तुम्ही गुडघ्यांवर बसला होतात आणि खिसा उलटा करत होतात.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मैत्रीण हळू चालणारी नव्हती, तरी तुम्ही तिला रोज रांगेत पहिली, आपल्याशेजारी ठेवायचात. जेवण झालं की पाण्याचा पहिला पेला तिच्या हातात द्यायचात. आणि अदलाबदलीच्या दिवशी तिची सॅक तुम्ही दुसऱ्या कुणाला दिली नव्हतीत. स्वतः घेतली होतीत.

बुधवारी मी मैत्रिणीला फोन लावला. ती आता नाशिकला असते, बँकेत आहे, एक गोळी अजून चालू आहे, बाकी छान. विचारलं, तुझ्या आईने तेव्हा बाईंना खरंच सांगितलं होतं का गं?

"थांब, आई इथेच बसलीय, विचारते."

मग काकूंचा आवाज, म्हातारा झालेला पण धार तीच. "सांगितलं होतं म्हणजे काय? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, त्यांच्याच स्वयंपाकघरात, तिळगुळाच्या वाट्या विसळताना. गोळ्या डाव्या खिशात असतील हेसुद्धा सांगितलं. त्या म्हणाल्या, फॉर्मवर नको लिहायला, मी बघते. कोण म्हणतंय नाही म्हणून?"

"कुणी नाही, आई," मैत्रीण म्हणाली. मग मला म्हणाली, "तू अजून तिथेच आहेस का? मी कधीच सोडलं ते. आणि दात बघ, आधीच्यापेक्षा चांगले बसलेत."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाई. ज्या माणसापासून आम्ही दोघी गोळ्या लपवत होतो त्याच एका माणसापासून लपवायची गरज नव्हती. तुम्ही दिवसभर तिची सॅक पाठीवर वाहिलीत, डाव्या खिशात गोळ्या आहेत असं समजून, आणि तो खिसा मी आधीच रिकामा केला होता. नंतर बैठकीत तुम्ही काकूंना खोटं पाडलं नाहीत, कारण त्या खरं बोलत होत्या. आणि गोळ्या कुठे गेल्या, हे तुम्ही शेवटपर्यंत कुणाला विचारलं नाहीत. काकूंनी ठेवल्याच नसतील असं वाटलं का तुम्हाला? की तिनेच फेकल्या असतील असं? की तुम्हाला माझे मोजे आठवले? शाळा सोडताना मी पाया पडायला आले तेव्हा तुम्ही माझ्या पावलांकडे बघून म्हणालात, "मोजे पुरले का गं?" मी म्हणाले, "फाटले." ते फाटले नव्हते. आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आहेत.

पण एक मला तुम्हालाही सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझा आवाज चढेल, तर चढू दे. तुम्हीही चुकलात. मी बघते, म्हणालात. एकट्याने बघता येत नाही ते. तुम्ही लिहून घेतलं असतंत, निदान वर्गाला सांगितलं असतंत, तर त्या पट्टीला माझ्या मोज्यांत यावं लागलं नसतं. मग वाटतं, लिहून घेतलं असतंत तर ती कधी आलीच नसती. तिच्या आयुष्यात ते दोन दिवस आलेच नसते, ज्यांबद्दल ती अजून फोनवर हसते. मला यातून वाट सापडत नाही.

मंगळवारी त्या बाकावर मी मुलीच्या आईला म्हणाले, "लिहून द्या, नाहीतर मला नाव काढावं लागेल." ती उठली. "तुम्हाला आपल्या समजून सांगितलं होतं," म्हणाली, आणि ओळखपत्राची दोरी मुठीत धरून गेली. दोन दिवस मुलगी माझ्याशी बोलली नाही, जिन्यात सावलीही माझ्यापासून लांब चालायची. गुरुवारी आईनेच तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लिहून दिलंय की जाऊ शकते. औषध तिच्या स्वतःच्या खिशात हवं, दुसरं शिक्षिकेकडे, सोबतच्यांना ते कसं द्यायचं हे ठाऊक हवं, आणि धाप वाढली की लगेच खाली आणायचं. शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी ते वाचलं आणि ही रेघ ओढली. ज्या तिघांनी आधीच खरं लिहिलं होतं त्यांचे फॉर्म मी पुन्हा मागवले आहेत. त्यांच्या पालकांना काय तोंड दाखवू, ते वेगळंच.

शुक्रवारी दुपारी मी चादर पुन्हा पसरली. या वेळी पहिली सॅक माझी. थायरॉइडच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, वाचायचा चष्मा. सगळं ओळीने मांडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅम, आप तो हमसे भी गई-गुज़री हो," आणि हॉल हसला. मुलीला मी काही सांगितलं नव्हतं, तू उठ म्हणून खुणावलंही नाही. मग ती उठली, सावलीच्या सॅकमधून इनहेलर काढला आणि माझ्या चष्म्याशेजारी ठेवला. मग एकीने विचारलं, "इसमें फ्लेवर भी आता है क्या?" "गंदा वाला," ती म्हणाली. मग तिनेच सगळ्यांना तो कसा धरायचा ते दाखवलं. सावलीला दोनदा दाखवावं लागलं.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला लिहायला बसले नसते. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर सुरू झालं. अशा मुलांना न्यायचंच कशाला, काही झालं तर आमच्या मुलांचा कॅम्प रद्द होईल, शाळेने विचार करावा. तिच्या आईने मला ते सगळं पुढे पाठवलं, खाली एक शब्द न लिहिता. मुलीची जात आहे, कुणाला बोलू नकोस, असं काकू का म्हणत होत्या ते मला आता कळतं. मी त्या मुलीला सुरक्षित केलं की उघडं पाडलं, हे मला माहीत नाही. बहुतेक दोन्ही.

चार वाजत आले. सही मी करणार आहे. हे लिहिता लिहिता ते ठरत गेलं. ती रांगेत पहिली चालेल, का ते सगळ्यांना ठाऊक असेल, आणि तिची सॅक अदलाबदलीच्या दिवशीही तिच्याच पाठीवर राहील. तरी वाटेत काही झालं तर मीही म्हणेन, मुलं माझ्या ताब्यात होती. घाबरले आहे, बाई. तुम्ही घाबरला होतात का, हे कधी दिसलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तो माळ्यावरच्या ट्रंकेत जाईल, निळ्या-विटकरी मोज्यांत गुंडाळून. पण सही करण्याआधी एक राहिलंय. त्या संध्याकाळी व्हरांड्यात गारांच्या आवाजात तुम्ही विचारलंत, कुणाचं काही गरजेचं वर गेलंय का, आणि मी हात वर केला. तुम्ही म्हणालात, बोल. चौकीदार दाराशी काठी घेऊन तयार होता. मी म्हणाले, "बाई, माझा टूथब्रश."

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, चौकीदाराला आता वर जायला नको म्हणालात, आणि स्वयंपाकघरातून येऊन माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलंत.